उलटा आकडा

आमच्या परसातून, पोफळीच्या बागेला वळसा घालून, जो वहाळ खाली नदीकडे जातो त्याच्याविषयी गेल्या तीन पिढ्यांत घरात कोणाची काही तक्रार नव्हती, आणि वहाळाचीही आमच्याविषयी नसावी. मृगाचा पाऊस लागला की त्याने यावे, दिवाळीपर्यंत गर्जत राहावे, संक्रांतीनंतर आवाज खाली आणावा आणि होळी उभी राहण्यापूर्वी मागे चार डबकी ठेवून निमूटपणे निघून जावे, असा त्याचा परिपाठ. हा वहाळ वस्तुतः वीज वाहून नेत आहे आणि ती आमच्या डोळ्यांदेखत फुकट चालली आहे, ही कल्पना प्रथम माझ्या डोक्यात आली ती सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. कारण निवृत्त माणसाला रात्री झोप येत नाही, आणि सदतीस वर्षे महसूल खात्यात काढलेल्या माणसाला झोप येत नसताना जे जे काही वाहताना ऐकू येते, ते ते सरकारी येणे बुडत असल्यासारखे वाटते.

सकाळी उठून मी वहाळाची मोजणी केली. वरच्या अंगाला, पूर्वजांनी पाटासाठी घातलेल्या दगडी बांधापाशी, सारे पाणी एका पन्हळीतून काढून तिच्याखाली मी वीस लिटरची बादली धरली आणि सौभाग्यवतीस घड्याळाचा काटा पाहावयास सांगितले. 'भरली' असे ती म्हणाली तेव्हा काटा पुरता दोन सेकंद सरकला होता, आणि बादली माझ्या हातातून सुटून खालच्या खडकावर पोहोचली होती. चौथ्या बादलीस सेकंदाला १० लिटर हा आकडा कायम झाला. पहिल्या तीन बादल्या कोणत्या खाती मांडावयाच्या, याविषयी आमच्या घरात अद्याप मतभेद आहेत. उंचीकरिता गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणली. पाणी भरलेल्या या नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते, आणि जिच्याशी कोणत्याही अभियंत्याला हुज्जत घालता येत नाही असे हे एकमेव उपकरण मी पाहिले आहे. बांधापासून पंपाच्या खोपीपर्यंत १८ मीटरांचा उतार भरला. सेकंदास पडणारे लिटर, पडण्याची उंची मीटरांत, आणि ९.८१ हा पृथ्वीचा ठरीव दर, या तिहींचा गुणाकार केला की वॅट निघतात. माझे निघाले १,७६६. त्यांतले निम्मे नळीचे घर्षण, यंत्राची उष्णता आणि एकंदर जगरहाटी खाऊन टाकते. तथापि राहिलेले सुमारे ९०० वॅट दिवस म्हणत नाहीत की रात्र म्हणत नाहीत. त्यांचे चोवीस तासांचे एकवीस युनिट होतात, आणि आमच्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराची भूक चार युनिटांची. उरलेले सतरा युनिट कैरीच्या लोणच्यासारखे बरणीत भरून ठेवावेत, तर तसल्या बरण्यांची, म्हणजे बॅटऱ्यांची, किंमत ऐकून मी दुकानातच बसावयास खुर्ची मागितली. सबब, ते ग्रिडला द्यावेत, आणि वहाळ आटल्यावर ग्रिडकडून परत घ्यावेत, असे ठरले. ठरविणारा मी एकटाच होतो, म्हणून ते इतक्या लवकर ठरले.

यंत्र विकत घेण्याची गरज पडली नाही. बागेतला जुना दोन अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप, ज्याने तीस वर्षे वीज खाऊन पाणी वर चढविले, त्यालाच आता उलट्या बाजूने पाणी पाजून खाल्लेल्या विजेचा हिशेब मागावयाचा होता. हा माझा शोध नव्हे. पंप उलटा चालविला की तो पाणचक्की होतो आणि त्याची मोटर जनित्र होते, ही गोष्ट जगभरच्या डोंगराळ मुलखांतील गरजू लोकांना चांगली ठाऊक आहे. मोटरीवरच्या पितळी पट्टीवर १४४० फेरे असे कोरलेले होते. ५० आवर्तनांच्या विजेवर या जातीच्या मोटरीसाठी मिनिटास १५०० फेरे ही लक्ष्मणरेषा असते. ती रेषेच्या आत, १४४० वर, फिरत राहिली तर वीज खाते, आणि पाण्याने तिला ढकलून रेषेच्या तितकीच पलीकडे, १५६० च्या आसपास, नेले तर तीच मोटर, एक स्क्रूही न बदलता, वीज देऊ लागते. देणारा आणि घेणारा यांच्यात मिनिटास एकशेवीस फेऱ्यांचेच काय ते अंतर असते, हे कळल्यावर मला आमच्या जुन्या कचेरीतील कित्येक माणसे नव्याने समजली.

घरच्या ओहोळावर घरात दिवा लावण्याची ही हौस काही आजची नव्हे. इंग्लंडात विल्यम आर्मस्ट्राँग नावाच्या गृहस्थाने, जो वकिली सोडून तोफांच्या कारखानदारीत शिरला होता, नॉर्थम्बरलंडमधील आपल्या क्रॅगसाइड या वाड्यातील चित्रशाळेत १८७८ साली पाण्याच्या विजेवर दिवा लावला. त्याला ना-हरकत दाखला कोणाचाही लागला नाही. कारण ग्रिड नव्हती, आणि हरकत घेणारे अजून जन्मास यावयाचे होते.

माझ्या वेळेपर्यंत ते सर्व जन्मास येऊन नोकरीत कायम झाले होते. वीजवितरणाच्या उपविभागीय कार्यालयात माझा अर्ज ज्या तरुण कारकुनाच्या हाती पडला तो स्वभावाने अत्यंत सालस होता. त्याने मला बसावयास सांगितले, चहा मागविला आणि विचारले,

"काका, छत किती चौरस फूट?"

"छताचा संबंध नाही. पाण्यावरची वीज आहे."

"पाणी छतावर आहे?"

"चार महिने असते," मी म्हणालो. कोकणातल्या कौलारू घरात राहणाऱ्या माणसाला याहून प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

दोष त्या मुलाचा नव्हता. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ साली विनियम केले त्यांच्या नावात 'छतावरील सौर' असे शब्द होते. २०१९ साली नवे विनियम आले, तेव्हा 'सौर' जाऊन त्या जागी 'नवीकरणीय ऊर्जा' आली, परंतु छत जागच्या जागी राहिले. त्या दोन शब्दांमधल्या फटीत माझा वहाळ दीड वर्ष अडकून पडला. छापील नमुन्यात पॅनेलांची संख्या, पॅनेलांचा कल आणि छपरावर सावली पडते किंवा कसे, असे रकाने होते. मी प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' असे लिहिले, आणि सावलीच्या रकान्यात, खोटे लिहिण्याची सवय नसल्यामुळे, 'दाट, पोफळींची' असे लिहिले. अर्ज सावलीच्या कारणास्तव नामंजूर होऊन आला.

दुसऱ्या खेपेस अर्ज वरच्या साहेबांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी त्यावर हिरव्या शाईने तीन शब्दांचा शेरा मारला : 'वहाळ कोणाचा आहे?' हा प्रश्न वाचून माझ्या अंगावर काटा आला. कारण तो विचारण्यात माझी हयात गेली होती, आणि त्याचे उत्तर मला झोपेतही येत होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० : नद्या, ओढे, नाले आणि वाहते पाणी, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत होत नाही ते सर्व सरकारचे. दुसऱ्या कोणाला निदान अज्ञानाची सबब सांगता आली असती. मला तीही नव्हती. प्रकरण तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथे माझ्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर मीच हाताखाली तयार केलेला इसम बसला होता. आणि आठ दिवसांनी नोंदणीकृत टपालाने जो कागद आला त्यात, 'अर्जदाराने आपला वहाळाशी असलेला हितसंबंध कागदोपत्री पुराव्यानिशी स्पष्ट करावा, अन्यथा प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल,' असे वाक्य होते. ते वाक्य माझे होते. स्वल्पविरामासकट माझे होते. विहिरी, बांध, पायवाटा आणि एकदा एक फणसाचे झाड, इतक्यांच्या मालकांना मी ते पाठविले होते, आणि त्यातला 'अन्यथा' हा शब्द समोरून वाचताना इतका मोठा दिसतो हे मला कोणी कधी सांगितले नव्हते.

मी उत्तर लिहिले, आणि माझ्या सबंध सेवेतील लेखनात ते मला सर्वोत्कृष्ट वाटते. 'अर्जदार पाणी वापरणार नाही. पाणी आजवर पडत आले आहे तसेच पडेल. फक्त पडताना ते अर्जदाराच्या नळीतून पडेल, आणि पडून झाल्यावर एक थेंबही उणे न होता, शंभर हातांवर पूर्ववत सरकारजमा होईल. अर्जदार केवळ त्याच्या पडण्याचा उपयोग करू इच्छितो, व पडण्यावर सरकारचा हक्क असल्याचे संहितेत कोठे आढळत नाही.' याला उत्तर आले नाही. मुदतीत उत्तर न येणे म्हणजे संमती असे धरून चालण्याचे धैर्य मी दुसऱ्या कोणाला कधी दिले नसते, स्वतःला दिले.

कागदांची ही यातायात चालली असता ग्रिड म्हणजे काय याचा मी थोडासा अभ्यास केला, आणि खरे सांगावयाचे तर मला थोडे भय वाटले. ग्रिडला जोडणे म्हणजे चालू भजनात शिरण्यासारखे आहे. उशिरा आलेला जाणता माणूस दारातूनच टाळ वाजवीत येत नाही. तो उंबऱ्यापाशी बसतो, मांडीवर बोटाने ठेका धरतो आणि हात बसल्यावर मगच टाळ उचलतो. आता हे भजन केवढे, तर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशास मिळाली. त्या दिवसापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ठेका आहे, सेकंदाला ५० आवर्तने, आणि नियमाप्रमाणे तो ४९.९० च्या खाली आणि ५०.०५ च्या वर जाता कामा नये. हा ठेका चुकला तर काय होते तेही देशाने पाहिले आहे : ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्येकडील ग्रिडी कोसळल्या आणि साठ कोटींहून अधिक लोक अंधारात बसले. एवढ्या सभेत माझा तीस वर्षांचा जुना पंप टाळ घेऊन बसणार होता. त्या मैफलीतले बुवा म्हणजे कोयना, १,९६० मेगावॅटची, माझ्याहून सुमारे बावीस लाख पट मोठी. मला एकाच गोष्टीचा धीर वाटे. कोयनेचे वीजगृह चिपळूणजवळ पोफळीस आहे, आणि माझेही पोफळींतच आहे.

साऱ्या जोडणीतली खरी अडचण मला कोणत्याही साहेबाने सांगितली नाही. ती आमच्या भागाच्या वायरमनने सांगितली. तो गावातलाच, लहानपणी आमच्या बागेत सुपाऱ्या वेचावयास येणारा. खोपीत शिरून त्याने पंपाकडे पाहिले नाही, नळीकडे पाहिले नाही. भिंतीवर स्टार्टरच्या शेजारी बसविलेल्या राखी रंगाच्या एका पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवून तो म्हणाला,

"अण्णानू, ह्यो डबो काढूक व्हयो."

तो डबा म्हणजे कपॅसिटर. शेतीपंपाला कपॅसिटर बसवावा म्हणून वीजवाल्यांनीच पूर्वी तगादा लावून, कागदावर सह्या घेऊन मला तो बसवावयास लाविले होते. मी तसे सांगितले. तेव्हा तो खाली उकिडवा बसला आणि ओल्या जमिनीवर काडीने खांब काढून त्याने मला जे समजावून सांगितले ते असे. या मोटरीजवळ स्वतःचे चुंबकत्व नाही. ते ती ग्रिडकडून उसने घेते आणि त्या भांडवलावर वीज उत्पन्न करते. सावकार गेला की धंदा बंद, आणि ते ठीकच आहे. परंतु कपॅसिटर जोडलेला असला तर तो लहानसा सावकार घरातच राहतो, आणि बाहेरची लाईन मेली तरी मोटर वीज करीतच राहू शकते. ती वीज तारेवरून डीपीपर्यंत जाते. आणि डीपीला कळत नाही की वीज कोणत्या बाजूने आली. वरून ११,००० व्होल्ट आले तर ती खाली घरगुती वीज देते. खालून घरगुती वीज आली तर वर ११,००० व्होल्ट करून देते. आणि वर, लाईन मेली आहे असे समजून, खांबावर तो चढलेला असतो.

"नायतर एक दिवस तुमचो व्हाळ माका मारतलो," काडी टाकून देत तो म्हणाला, आणि मग हसला. उजव्या तळहातावर अंगठ्याच्या बुंध्याशी त्याला एक गुळगुळीत पांढरा डाग आहे. तो कशाचा हे मी विचारले नाही.

डबा त्याच दिवशी उतरला. पुढे विद्युत निरीक्षकांनीही तीच गोष्ट फाइलीत, इंग्रजीत, दीड पानभर लिहिली. या प्रकाराला त्यांच्या शास्त्रात आयलंडिंग, म्हणजे बेट होणे, असे म्हणतात. ग्रिड गेली असता एखाद्या घराने आपल्यापुरता दिवा लावून बेट होऊन बसू नये, असा दंडक. पावसाळ्यात पुलावर पाणी आले की आमचा सबंध वाडा चार चार दिवस बेट होतो, त्याला कोणी दंडक लाविलेला नाही, ही गोष्ट अलाहिदा. लाईन जाताच मोटर तोडून टाकणारा एक रिले बसला. खोपीबाहेर, वायरमनला खांबाखालून दिसेल असा, कुलूपबंद खटका बसला. आणि त्याची चावी पडवीच्या खिळ्यावर, कोणाही लाईनवाल्यास केव्हाही काढता येईल अशी टांगून ठेवावी, असा लेखी हुकूम झाला.

ही हकीकत शेजारच्या तात्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगितली. ते पान जुळवीत ऐकत होते. चुना लावून झाल्यावर त्यांनी विचारले,

"म्हणजे लायट गेली की तुमची पण जातली?"

"जाणार. नियमच आहे."

"मगे ह्येचो उपेग काय?"

या प्रश्नाला उत्तर आहे. माझ्यापाशी त्या वेळी ते नव्हते, आणि तात्यांनी पानाची पिंक टाकण्यास जो वेळ घेतला त्यातही ते सुचले नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढ संपता संपता, पाणी सोडले. नळीच्या तोंडाची झडप मी हातभर फिरविली तसा पंप आधी कुरकुरला, मग घशाशी काही अडकल्यासारखा खोकला, आणि फेरे मोजण्याच्या यंत्रावर आकडे चढू लागले : आठशे, अकराशे, चौदाशे. १४९० ला निरीक्षकांनी हात वर केला, आणि १५०० ला वायरमनने बटण दाबले. खोपीतला एकुलता एक दिवा क्षणभर मिचकला. पंपाचा आवाज, जो तोवर चढत होता, तो एकाएकी एका सुरावर येऊन थांबला, जणू कोणी मोठ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली बसविले. मी झडप पूर्ण उघडली. फेरे १५५० झाले, आणि त्याहून पुढे एक फेराही सरकेना. बारा लाख चौरस मैलांची ग्रिड माझ्या दोन अश्वशक्तींना धरून बसली होती. मीटरवर एक लहानसा बाण उमटला आणि तो घराकडून खांबाकडे होता. निरीक्षकांनी माझे अभिनंदन केले. सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन आली, तिने बाणाकडे पाहिले, त्याचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाली,

"तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे पुष्कळ पाहिले हो. घरची वीज तारेवर नेऊन टाकणारे तुम्हीच पहिले."

पहिले बिल आले तेव्हा युनिटांच्या रकान्यात आमचे दिलेले जमेस धरून पुढील महिन्यास ओढले होते. त्याखाली स्थिर आकार म्हणून जी रक्कम होती ती मात्र वहाळास न जुमानता स्थिर होती. मी दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, रुजू घातल्या आणि बिल फाइलीस लाविले. चूक सापडली नाही. थोडेसे वाईट वाटले.

आणि श्रावणातल्या एका रात्री, नऊच्या सुमारास, घाटावरून वारा उतरला, वरच्या वाडीत कुठेसे झाड पडल्याचा आवाज आला आणि सबंध गाव एका क्षणात काळाकुट्ट झाला. आमचेही दिवे, नियमाप्रमाणे, गेले. शेजारीपाजारी लोकांनी मेणबत्त्या शोधल्या, कंदील पुसले आणि जेवणे उरकून घेतली. बाहेर जाण्याचे कारण त्या रात्री गावात दोघांनाच होते. कारण ग्रिडचा हात पाठीवरून निघताच पंप मोकाट सुटतो, भोवऱ्यासारखा किंचाळत फिरू लागतो, आणि झडप कोणी तरी बंद करावी लागते. तीही घाईने बंद करून चालत नाही. धावते पाणी एकदम अडविले की ते नळीतल्या नळीत हातोड्यासारखे माघारी आदळते आणि सांधे उडवून देते. सबब डोक्यावर इरले, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात झडपेचे चाक, असा मी चिखलात उभा राहून एकेक फेरा मोजीत होतो. दर फेऱ्यास पंपाचा स्वर थोडा उतरे आणि वहाळाचा थोडा चढे. बाविसाव्या फेऱ्यास पंप थांबला आणि नुसता वहाळ राहिला.

बांधाच्या पलीकडे, डीपीच्या खांबाखाली, दुसरा एक टॉर्च हलत होता.

"अण्णानू! व्हाळ बंद केलात?"

"केलंय!"

"खटको?"

"तोय केलंय!"

"चावी खंय?"

"खिळ्याक!"

टॉर्च थोडा वेळ जागीच राहिला. मग तो आमच्या पडवीपर्यंत आला, खिळ्यावरची चावी काढून घेतल्याचा आवाज झाला, खटक्याचे कुलूप एकदा ओढून पाहिल्याचा आवाज झाला, आणि टॉर्च खांबाकडे परत जाऊन हळूहळू वर चढू लागला.